लेनोरबाईंवर दावा

रिज कॅम्प, ४ मार्च

प्रिय आर्लोदादा,
सा. न. वि. वि.

दाव्याची प्रत मिळाली. वकील नसताना तू बरेच नेटके लिहिले आहेस. तुझी लेक नोरा न्यायालयाच्या हुकमाने तुझ्याकडे राहते. तरीही राज्याच्या बाल-निर्वाहखर्च कार्यालयाने तिच्या आईच्या नावे तुझ्याकडून खर्च मागितला आणि तो थकला म्हणून, तुझे काहीही न ऐकता, वाहन परवाना बंद केला. ऐकून घेतले जाणे हा नागरिकाचा हक्क आहे. डेअरी दुधाच्या टँकरवरची तुझी जागा महिनाअखेरपर्यंतच राखणार आहे, हेही मी विसरलेले नाही.

पण दावा तू राज्यावर केला आहेस. संघीय न्यायालयात तो तसा चालत नाही. ज्या अधिकाऱ्याने हुकूम काढला, त्याच्यावर नावानिशी करावा लागतो. न्यायाधीशांनी दुरुस्तीची एक संधी दिली आहे. परवाना बंद करण्याच्या हुकमावर सही त्या कार्यालयातल्या लेनोर ब्राट यांची आहे. हे तुला समजले नसेल, असे मला वाटत नाही. मग नाव का गाळलेस?

वाऱ्यामुळे पवनचक्क्यांवर चढणे सध्या बंद आहे. नोराला पापा.

लोभ असेलच, तो मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही.

सिग्ने

मिल फोर्ड, ९ मार्च

चि. सिग्ने हिस
अ. उ. आ.

समजलं होतं गं. पण आईच्या आजारपणात दर आठवड्याला डबा घेऊन येणारी बाई, चर्चमध्ये गाताना माझ्या पुढच्याच रांगेत उभी राहते, तिला कोर्टात खेचू? राज्याचं बरं असतं, ते रविवारी कॉफीला येत नाही. आपल्या गावात शेजाऱ्याचा कुत्रा चावला तर आपण कुत्र्याच्या दातांची चौकशी करतो, ठाऊक आहे ना तुला?

बेरितमावशी म्हणाली की मेल्या, सौजन्यच दाखवायचं तर केक नेऊन दे, नोकरी कशाला देतोस! मी हसलो. मग नोराने विचारलं की ती आईकडे राहायला गेली तर माझा परवाना परत मिळेल का. तेव्हा मात्र ताट बाजूला सारून हे पत्र लिहायला बसलो.

काय करू ते सांग. थोडं रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझा भित्रा दादा,
आर्लो

रिज कॅम्प, १३ मार्च

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

नोराला सांग, ती कुठेही जाणार नाही. हे आज, पत्र मिळताच सांग.

पवनचक्कीचे कोणते पाते बिघडले ते मी लिहून देते, तेव्हा माझे त्या पात्याशी वैर नसते. नाव लिही. पाठीमागून केल्यासारखे वाटत असेल, तर आधी बाईंना तोंडावर सांग. कागद मात्र स्वतः देऊ नकोस. वादीने स्वहस्ते दिलेले चालत नाहीत, केकबरोबर तर नाहीच. मावशीला पाठव.

तू भित्रा नाहीस. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

सिग्ने

मिल फोर्ड, २८ मार्च

चि. सिग्ने हिस
अ. उ. आ. आणि वर एक मुका.

रविवारी कॉफीच्या वेळी बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की हात्तिच्या, एवढंच होय! चर्चमध्ये त्यांचा सूर बिघडला म्हणून मी तोंड चुकवतोय, असं त्यांना वाटलं होतं. मग गंभीर झाल्या. न ऐकता परवाने बंद करू नयेत असं त्यांनी वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं, सही करा, आणि त्यांनी केली. मला म्हणाल्या, माझं मधलं नावही लिही बाबा, नाहीतर त्याच नावाच्या माझ्या जावेला उगीच घाम फुटेल.

मावशीने चर्चच्या स्वयंपाकघरात, जेलीच्या सॅलडसमोर कागद दिले. बाईंनी हात पुसून घेतले.

काल, निकालापर्यंत परवाना परत मिळावा या तातडीच्या अर्जाची सुनावणी होती. कोर्ट लांब, मावशीची गाडी बंद, आणि मला चालवायची बंदी. सकाळी दारात लेनोरबाईंची गाडी! म्हणाल्या, दोघांना एकाच ठिकाणी जायचंय, बस.

सरकारी वकील बराच वेळ बोलले. न्यायाधीशांनी विचारलं की हुकमाआधी या माणसाचं कुणी ऐकलं होतं का. बाई उठून म्हणाल्या, कुणीच नाही. न्यायाधीशांनी हुकूम दिला: दावा अजून चालेल, पण तोवर परवाना परत! बाईंनी तिथूनच कार्यालयात फोन लावला, परवाना चालू झाल्याची खात्री केली आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

कोर्टाचं गाव सुटायच्या आत त्या शेजारी गाढ झोपल्या. सिग्ने, इतक्या हळू वळणं मी दुधाचा टँकर नेतानाही कधी घेतली नव्हती.

आमच्यावर आहे तेवढी माया राहू दे, जास्त झाली तरी तक्रार नाही.

तुझा,
आर्लोदादा