खिडकीतला मधला दगड

हाय स्कार फार्म, यॉर्कशर
मंगळवार

आदरणीय हेस्टरआत्या,

क्लेमंटचा सादर नमस्कार. समुद्राच्या हवेनं तुमचा दमा आवरला असेल अशी आशा आहे. चौदा वर्षांत एक ओळ नाही आणि आज एवढं लांबलचक पत्र, म्हणजे काहीतरी मोडलं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. मोडलंय.

बाबांना पक्षाघात होऊन दोन महिने झाले. (डावा हात गेला, जीभ शाबूत होती.) त्यांना खाली बैठकीत आणावं, पडल्यापडल्या कुरण दिसावं, म्हणून मी एक लोखंडी पलंग मिळवला. तो दारातून आत येईना. आपलं दार तुम्हाला माहीतच आहे: उघडलं की समोर चुलीची दगडी पाठ, आणि वळायला जागा जेमतेम एका मेंढीपुरती. मी म्हटलं, बैठकीच्या खिडकीतला मधला उभा दगड काढू, पलंग आत घेऊ, दगड परत बसवू. बाबा वरून, अंथरुणातूनच ओरडले, "घर तीनशे वर्षांचं आहे, पलंग काल आलाय! वळायचं कुणी, सांग!"

मी ऐकलं नाही. दगड निघाला (निघताना त्याचे दोन तुकडे झाले), पलंग आत गेला, आम्ही बाबांना खाली आणून निजवलं, आणि मग त्या दगडावर इतकी वर्षं निवांत टेकलेली माथ्याची शिळा मधोमध तडकली. वरच्या भिंतीनं पोट काढलं. जेथ्रो गवंडी आला, त्यानं चक्क टोपी काढली (तो ती चर्चमध्येही काढत नाही) आणि म्हणाला, "क्लेम, अरे हा दगड शोभेला नव्हता रे."

आता बैठकीत नऊ टेकू उभे आहेत, त्यांच्या मधोमध बाबा, आणि खिडकीला फळ्या ठोकलेल्या. कुरण सोडाच, त्यांना दिवस उजाडलेलाही दिसत नाही. तीन आठवडे ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर मला घास तरी गेला असता.

तुमचा भाचा,
क्लेमंट

ता. क. पलंगाचे चार स्क्रू काढले की दोन भाग होतात. हे मला परवा कळलं.

ता. क. हे सगळं बाबांसाठी केलं असं वर लिहिलंय, ते पुरतं खरं नाही. जेवणाचं ताट घेऊन जिना चढताना माझे गुडघे दुखायचे.

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. वाटणीच्या वेळी दूधघराच्या खिडकीतला जो दगड तुम्ही नेलात (आणि ज्यावरून तुमचं नि बाबांचं बोलणं थांबलं), त्यावर तुम्ही पक्ष्यांना पाणी ठेवता असं ऐकतो. तो त्याच खाणीचा, त्याच मापाचा आहे. हे जेथ्रोनं नाही, काल बाबांनीच सांगितलं. मी विचारलं, "मागवू का?" तर म्हणाले, "जड आहे तो. तिला सोबत यावं लागेल."