कवळी यायच्या आधी

२० जून, शनिवार
पाच तारखेचं ठरलं! तीन गाड्या येणार. सालेहाताईचा फोन आला. ती भिवंडीची. घरचे लूम बंद पडल्यापासून शहरातल्या लोकांना आमच्यासारख्या पाड्यांवर जेवायला आणते. म्हणाली, "सुवर्णा, सबको रानभाजी चाहिए. पोस्टरवर तेच टाकलंय मी."

रानभाजी म्हणजे आमची कवळी. मुंबईवाले तिला फोडशी म्हणतात. गवतासारखी दिसणारी भाजी खायला माणसं गाड्या काढून का येतात, काही केल्या कळत नाही. मागच्या वेळी एक बाई माझ्या चुलीचेच फोटो काढत बसली. मी विचारलं, घरी काय पेटवता? तर हसायला लागली.

हे जमलं तर वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला परत जायचं नाही. नवऱ्याला, भरतला, तसं सांगून टाकलंय. तो म्हणे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." म्हणू दे.

२२ जून
अडचण एकच. काळूबाबांनी अजून कवळी देवाला ठेवली नाही. भरतचे चुलते ते, पाड्याचे भगत. पहिली जुडी पहाटे एकटे जाऊन ते तोडतात, डोंगराच्या देवाला ठेवतात, मग पाडा खातो. त्याआधी कुणी तोंडाला लावत नाही, पोरंसुद्धा नाहीत. शेजारच्या पाड्यावर खाऊन झाली, तिथल्या बाया जुड्या घेऊन विकायलाही बसल्यात. आमचंच का अडलंय?

विचारलं. "बघू," म्हणाले.

२४ जून
दिवसभर सगळ्यांना विचारत फिरले. माझी खोडच आहे ती. एक म्हणतो, म्हाताऱ्याला पावणे आवडत नाहीत. दुसरी म्हणते, विसरले असतील. भरत म्हणतो, तू तुझं काम कर.

पण रागावलेला माणूस माझ्या हातची भाकरी घेईल का? आणि वर विचारेल का, "पावणे किती येनार हायत?" मला नाही पटत.

२६ जून
सालेहाताई म्हणाली, "मार्केटमधून आण ना यार. किसको पता चलेगा?"

खोटं कशाला लिहू, मनात आलं माझ्या. पण देवाच्या आधी चाखायची नाही, मग मीठ कसं बघणार? चाखल्याशिवाय मी कधी रांधलं नाही. आणि हे लोक मला सोबत जेवायला बसवतात. माझ्या ताटातल्या भाजीचं मी काय करू?

नको.

२९ जून
आज काळूबाबांना पाहिलं. उजाडता उजाडता आमच्या आंब्याखाली वाकून उभे. जिथे गाड्या लावतात तिथे. चिखलात रुतू नयेत म्हणून उन्हाळ्यात मुरूम टाकून सपाट केलंय आम्ही. पाय नाही घसरत, की चाक नाही फसत.

"काय हरवलं, बाबा?"

"काय न्हाय."

कालही तिथेच होते म्हणे. त्या मुरमात बघण्यासारखं आहे तरी काय?

३० जून
सासूला, येसूबाईला, विचारलं. काळूबाबा पहिली जुडी कुठून आणतात?

"आंब्याखालून. दुसरीकडची न्हाय चालत."

म्हणजे आम्हीच ती मुरमाखाली गाडली. मुरूम पडला तेव्हा सासूबाई कोन गावाला, लेकीकडे होत्या. आल्या तेव्हा सगळं सपाट. "मला वाटलं, त्यालाच इचारून केलात," म्हणाल्या.

भरतला सांगितलं. जेवलाही नाही नीट.

३ जुलै
भरतने सुट्टी टाकली. दोघांनी कुदळ मारून मुरूम काढला. खाली कवळी होतीच! पण पिवळी पडलेली, दगडाखाली वाकडी वाढलेली. हाताने एकेक खडा उचलला आम्ही.

काळूबाबा आले. बसले. पात्यावरून बोट फिरवलं.

"पिवळी देवाला न्हाय चालत. हिरवी व्हऊंदे."

"कधी होईल?"

"तिला इचार," म्हणाले आणि हसले. मला हसू येईना. परवा पावणे.

४ जुलै
सालेहाताईला सगळं सांगितलं. भाजी नाही मिळणार, गाड्याही आत नाही येणार. ती म्हणाली, "यार सुवर्णा, पोस्टर!" मग जरा वेळाने, "बोलती हूँ उनको. आएंगे तो आएंगे."

५ जुलै, रविवार
एकच गाडी आली.

रस्त्यावर ठेवून चालत आले, चपला हातात घेऊन. नाचणीची भाकरी, सुकट, उडदाचं वरण. पोटभर जेवले. आंब्याखाली जाऊन ती पिवळी पाती बघितली, एकाने विचारलं, "मग आम्ही पुन्हा कधी यायचं?"

दोन गाड्यांच्या भाकऱ्या उरल्या. पाड्यात वाटल्या. वडप्याच्या सुपरवायझरचा नंबर काढून ठेवलाय. वाईट वाटतंय, फार.

६ जुलै
भाकरी द्यायला गेले तर काळूबाबा म्हणाले, उन्हाळ्यात त्या दिवशी मुरमाची घमेली त्यांनीही टाकली होती. मी आत पाणी भरत होते, पाहिलंच नाही.

"खाली काय आहे ते ठाऊक असून?"

"ठाऊक असून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी विडी विझवली. मग म्हणाले, "बोललो असतो तर गाड्या आल्या नसत्या, तू गेली असतीस गोडाऊनला. तुझ्यामागं आनखी चौघी. मंग मी कवळी तोडू ती कुनासाठी, पोरी?"

सुपरवायझरला फोन केला नाही.