टेबलावरचं पाकीट

३ मार्च, सोम.
आमच्या बॉसनी, मिस टॅननी, केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कळलं यांना शेवटी. आता नारळ. तर म्हणाल्या, टीम लीड हो! उत्तर शुक्रवारपर्यंत. थँक यू म्हटलं आणि वॉशरूममध्ये जाऊन बसले. यांची माझ्या बाबतीत काहीतरी गफलत झालीय.

४, मंगळ.
घरी सांगितलं. मिलिंद खूश. "अगं, घे की! इतकी वर्षं गाढवासारखी राबतेस." लेक फोनमधून मान वर न काढता, अस्सल सिंगापुरी थाटात, "आई, जस्ट से येस लाह."
मि. म्हणतो, याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, बऱ्याच जणांना असतो. नाव कळून काय उपयोग? टायफॉइड म्हटलं म्हणून ताप उतरतो का? बाकीच्यांना उगाच वाटत असेल. माझं खरंच आहे.

५, बुध.
सिस्टिम का अडकतेय, मीटिंगमध्ये कुणालाच सांगता येईना. मी सांगितलं. बरोबर निघालं. सगळे वा वा. मला आनंद? छे. अंदाजपंचे बोलले, लागला तुक्का. पुढच्या वेळी नाही लागला तर? चारचौघांत उघडी पडेन. नकोच ते. नाही सांगून टाकते. ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट जेवण गेलं नाही.

६, गुरु.
आजचं कुणाला सांगायची सोय नाही.
दुपारी हॉकर सेंटरला जेवायला एकटीच. डोक्यात उद्याचंच. सूप नूडल्स घेऊन आले तर सगळी टेबलं भरलेली. एक रिकामं, पण त्यावर टिश्यूचं पाकीट. म्हणजे इथल्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी जागा धरलेली. ट्रे घेऊन खांबापाशी उभी राहिले. येईल तो माणूस, नाहीच आला तर बसू. कुणी येईना. सूप निवलं. हातावर सांडलं म्हणून पर्स उघडली. टिश्यू नाहीत.
तेव्हा आठवलं. रांगेत जाण्याआधी ते पाकीट मीच ठेवलं होतं.
हसायला यायला हवं होतं. डोळे भरून आले. माझ्याच जागेसाठी मी...
बसले. पण बसायच्या आधी आजूबाजूला बघितलंच, कुणी उठवायला येतंय का.

७, शुक्र.
केबिनबाहेर बसून लिहितेय. मिस टॅन फोनवर आहेत, काचेतून हातानेच 'एक मिनिट' म्हणाल्या. 'नाही' पाठ करून आलेय, कारणांसकट. गाडीत दोनदा म्हणूनही बघितलं.
फोन ठेवला त्यांनी. बोलावतायत.
पाठ केलेलं पहिलं वाक्यच आठवेनासं झालंय.