सदुसष्ट टप्पे

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मी तुमचा नियम मोडला. आईला वेळ सांगितली.

तुम्ही पैठणच्या एसटीवर कंडक्टर. कुणी "कधी पोचंल हो?" विचारलं की तुम्ही टप्पे सांगायचात. सहा किलोमीटरचा एक टप्पा, अजून चार राहिले, बसा. घड्याळाकडे बघायचाही नाहीत. मला तो आडमुठेपणा वाटायचा. म्हणून सुट्टीत तुमच्या गाडीत होते तेव्हा, शहरात पोरगा दवाखान्यात आहे म्हणून रडणाऱ्या एका म्हातारीला मीच सांगून टाकलं, तासाभरात पोचाल. बिडकीनला गाडी बंद पडली. म्हातारी सारखी विचारते आहे, "झाला का गं तास?" आणि मी खिडकीबाहेर बघते आहे. तुम्ही मला बाजूला घेऊन ओरडलात, "गाडी तुझ्या हातात हाय का? मंग तास कशाला दिला तिला?"

आई आता नागपूरला, ताईकडे असते. तिच्या आतड्याला पीळ पडला, तातडीनं ऑपरेशन ठरलं आणि ती अडून बसली, धाकटी आल्याबिगर आत जायची नाय. फोनवर विचारलं, "किती येळ लागंल?" माझ्या मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर दिसत होतं. चारशे किलोमीटर, उड्डाण एक तास. मी म्हटलं, "एक तास, आई."

चिकलठाण्याला विमानतळावर पोचले तर विमान पलीकडूनच आलेलं नव्हतं. बोर्डावरची वेळ पुढं पुढं जात होती. ताईचा फोन आला, "दाराकडं बघत बसलीय. डॉक्टर म्हणतात, आता थांबलं तर हातची जाईल." खुळ्यासारखी मी त्या चारशे किलोमीटरचे टप्पे मोजत बसले, सदुसष्ट भरले. गाडीनं निघाले असते तर एव्हाना निम्मे संपले असते. पुढच्या फोनला मी म्हटलं, ताई, मोबाइल तिच्या कानाला लाव.

"आई, विमान अजून आलंच नाही. मी तास उगीच सांगितला. तू जा आत."

"मंग आधी सांगायचं ना गं," म्हणाली आणि आत गेली.

विमान शेवटी उडालं आणि बरोबर तासाभरात उतरलं, त्याचा मला भयंकर राग आला. आई वाचली. संध्याकाळी अर्धवट शुद्धीत तिनं विचारलं, "झाला का गं तास?"

"आत्ताच झाला," मी म्हटलं.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, पण नको, तिथं तुम्ही वाचाल असं वाटत राहील. त्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर तुम्ही म्हातारीचा हात धरून दवाखान्यात गेलात आणि उशिरा परत आलात. ती वेळेत पोचली का, हे तुम्ही होतात तोवर मी विचारलं नाही. आता सांगणारं कुणी नाही, म्हणूनच विचारते आहे.