काउंटरवरचं हसणं

वहिनी,

"प्रिय" लिहायला हात धजत नाही.

तुमच्या औषधाच्या दुकानात मी हळूच म्हटलं, "खाली कोरडं पडतंय, आग होते. काही मलम आहे का?" तुम्ही गिऱ्हाइकांसमोर खिदळलात, "वन्सं, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आता कशाला हवंय हे?"

अहो, मला शिलाई मशीनवर बसवत नव्हतं. लघवीला गेले की डोळ्यांत पाणी यायचं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पाळी गेल्यावर होतं असं," म्हणाल्या. आधी हार्मोन नसलेलं जेल दिलं. त्याने भागेना, तेव्हा तपासून आतून लावायचं कमी हार्मोनचं मलम दिलं. दोन महिन्यांत मी पुन्हा दिवसभर शिवायला लागले.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते दुकानात मोठ्याने वाचाल.

तुमची कुणी नव्हे,
फक्त तुमच्या नवऱ्याची बहीण