तोंड बघून भाव

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पायांना नमस्कार (गुडघ्यांना वेगळा, ते पुन्हा दुखताहेत असं कळलं). आम्ही ठीक. फक्त दुकानातल्या वाफेच्या इस्त्रीने मान टाकली आहे, आणि वकीलबाईंचा काळा कोट शिवून तयार असूनही सोमवारच्या सुनावणीला चुरगळलेलाच जायची वेळ आली आहे.

म्हणून फोनवर नवी इस्त्री बघितली. बघितली म्हणजे उठता-बसता बघितली (गरजवंताला अक्कल नसते), आणि दर खेपेला भाव चढलेला. तीच इस्त्री तुझ्या भाचेसुनेच्या फोनवर मात्र स्वस्त! हल्ली विकणाऱ्या कंपनीला नियमाने सांगावं लागतं म्हणे, म्हणून किमतीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही किंमत तुमच्या वैयक्तिक माहितीवरून ठरवली आहे.’ मी त्यांच्या मदत केंद्राला फोन लावून विचारलं, कुठली माहिती? रक्तगट की बनियनचं माप? तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, ठरवली एवढं सांगायचा नियम आहे, कशावरून ते सांगायचा नाही. म्हणजे खिसा कापला हे कळवायचं, कात्री दाखवायची नाही.

मग मीही इरेला पेटलो. फोन समोर ठेवून मोठमोठ्याने म्हणत बसलो की आपल्याला इस्त्री नकोच, हल्ली चुरगळलेल्या कपड्यांचीच फॅशन आहे. गरीब दिसावं म्हणून फोनवर जुन्या चपला शोधल्या. भाव तसूभर उतरला नाही, उलट कर्ज हवंय का अशी विचारणा सुरू झाली.

यावर ही म्हणते, तुम्ही तरी काय वेगळं करता? गिऱ्हाइकाचं तोंड बघूनच शिलाई सांगता ना? सांगतो! पण तोंड बघून सांगतो ती तोंडावर सांगतो, आणि समोरच्यालाही भांडायला तोंड असतं. तशी पाटीच रंगवून दाराला लावली आहे: ‘इथे शिलाई तोंड बघून सांगितली जाते. भांडण मोफत.’ त्या कंपनीकडून मी इस्त्री घेतली तर शिंपी म्हणवून घेणार नाही.

तुझा (आणि फक्त तुझाच) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : तू वस्तू कार्टमध्ये टाकून महिनोन्‌महिने घेत नाहीस, त्यामुळे कंपनी टेकीला येऊन तुझ्यापुरता भाव उतरवते असं ऐकतो. तर तीच इस्त्री तुझ्या फोनवरून मागवशील का? (घेणारी तू, मी नव्हे. शिंपीपण शाबूत.)

आणखी ता. क. : वकीलबाईंनी पाटी वाचली. शेजारणीपेक्षा मला शिलाई जास्त का, म्हणून तासभर भांडताहेत. कोटाच्या सुरकुत्यांकडे अजून लक्ष गेलेलं नाही. मी भांडण लांबवतो आहे, तू लवकर मागव.