ताई, तुझ्या नोंदी वगळल्या

प्रिय ताई,

तुझ्या त्या मेंदूच्या अभ्यासाचं पत्र गेल्या आठवड्यात घरी आलं, म्हणून लिहायला बसलोय. पाकिटावर माझं नाव होतं. आत आभार मानलेत, निकाल थोडक्यात दिलाय आणि खाली एक ओळ आहे: ज्यांची शेवटची नोंद झाली नाही, त्यांच्या नोंदी वगळल्या आहेत. म्हणजे तुझ्या.

दहा मंगळवार तू आपल्या कान्हे गावाहून लोकलनं पुण्याला गेलीस. मला तिथं एकदाच ती मेंदूची नोंद घेणारी टोपी घालून व्यायाम करायला लावला होता, तेही तुलनेला कुणीतरी निरोगी माणूस हवा होता म्हणून. माझा एक तास त्यांच्या कामी आला आणि तुझे दहा आठवडे नाही आले. राग येतोय मला. त्यांचा येतोय, तुझाही येतोय, आणि माझा किती येतोय ते तर विचारूच नकोस.

सुरुवात आठवते तुला? पॉलीहाऊसमध्ये तू गुलाब निवडायचीस. लांब दांडीचे एकीकडं, आखूड दांडीचे दुसरीकडं. तुझ्याइतका झपाझप हात कुणाचा नव्हता. मग फुलं हातातून निसटायला लागली. उजव्या डोळ्यापुढं धूसर दिसायला लागलं. सुपरवायझर म्हणाला, हिचं कामात लक्ष नाही. कुणी अशक्तपणा म्हणालं, कुणी टेन्शन म्हणालं. कमरेला पट्टासुद्धा लावून झाला. तीन वर्षं अशी गेली आणि मग कुठं एका डॉक्टरांनी एमआरआय करून सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खराब करतं आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. हे सांगायला तीन वर्षं लागावीत?

भाऊजी आधीच गेले होते, म्हणून तू आमच्याकडं राहायला आलीस. आई म्हणायची, "लय बसून ऱ्हाते ही. जरा हिंडली-फिरली तर पाय मोकळं व्हतील." शेजारच्या बायका तुला अंगचोर म्हणायच्या. मी ऐकलं होतं. त्यांना मी काही बोललो नाही, कारण मनातून मलाही थोडं तसंच वाटत होतं. हे तू असताना कबूल करायला हवं होतं.

मग पुण्यात संशोधन करणाऱ्या केतकी मॅडम भेटल्या. व्यायाम करताना तुझ्यासारख्यांच्या मेंदूत काय चालतं, ते त्यांना बघायचं होतं. डोक्यावर वायरींची टोपी, तिच्यातून बारीक प्रकाश कपाळात सोडायचा आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त जातंय ते मोजायचं. बारा मंगळवार टोपी घालून व्यायाम, दर वेळी नोंद, आणि पहिल्या दिवशीची नोंद शेवटच्या दिवशीच्या नोंदीशी ताडून बघायची. तू लगेच हो म्हणालीस. मी म्हटलं, "ह्यात तुला औषध मिळणार नाही, ताई." तू म्हणालीस, "नसू दे. कुणीतरी बघतंय तरी."

दहाव्या मंगळवारी तू लाकडी पायरीवर पाय ठेवायचा व्यायाम दोन मिनिटांत सोडून खुर्चीवर बसलीस. मॅडमनी फक्त वेळ लिहून घेतली. मी मात्र परतीच्या गाडीत बोललो. "तू मनावरच घेत नाहीस. मी सुट्टी टाकून येतो आणि तू दोन मिनिटांत बसतेस." तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. बेगडेवाडी स्टेशन मागं पडल्यावर म्हणालीस, "मी चालवते रे, दत्ता. पाय चालत न्हाई. आतलं कुनाला काढून दाखवू?"

त्यावर मी मोबाईल बघत बसलो.

पुढच्या मंगळवारी मी तुला सांगितलं, कारखान्यात तपासणी आहे, सुट्टी मिळत नाही. खोटं होतं ते. तपासणी होती, पण साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी सोडलं असतं. मी विचारलंच नाही. तुझा राग आला होता. तू नुसती "बरं" म्हणालीस. का नाही भांडलीस? मॅडमना फोन का नाही केलास? आणि तो खोकला चार दिवस आमच्यापासून का लपवलास? बाथरूममध्ये पडलीस, तेही आईला तुझ्या कोपराच्या जखमेवरून कळलं. कुणाला त्रास नको म्हणून ना? बघ, केवढा त्रास देऊन गेलीस.

बाराव्या मंगळवारी तू दवाखान्यात होतीस. छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता. आठव्या दिवशी गेलीस.

पत्र घेऊन मी परवा पुण्याला गेलो. भांडायलाच गेलो होतो. केतकी मॅडमना म्हणालो, "माझी बहीण दहा वेळा आली. तिचं काहीच धरलं नाही तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "शेवटची नोंद नाही, दत्ताभाऊ. नियम मला बदलता येत नाही. मलाही वाईट वाटलं."

"वाईट वाटून काय उपयोग?"

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. पडद्यावर कपाळाची दोन चित्रं होती. एकावर लाल रंगाचा, म्हणजे रक्त जास्त गेल्याचा, अगदी लहान ठिपका. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. दुसऱ्यावर कपाळभर लाल पसरलेला. "आणि हे ताईंचं. व्यायाम तोच, पायरी तीच. त्या दोन मिनिटांत बसल्या ना, त्या दिवशीचं."

"म्हणजे ताई माझ्यापेक्षा जास्त मेहनत करत होती?" मी विचारलं.

"ह्याला सरळ मेहनतीचं माप म्हणू नका," त्या म्हणाल्या. "एकट्या माणसाच्या चित्रावरून तसं सांगता येत नाही. पण तुम्ही पाऊल टाकताना पावलाचा विचार करत नाही. त्यांच्यासारख्यांना बहुतेक प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं. म्हणून ही माणसं इतकी दमतात."

मी विचारलं, "मग हे आम्हाला तेव्हाच का नाही दाखवलं?"

"अभ्यास चालू असताना दाखवायची परवानगी नव्हती."

ताई, तिकडं कॉम्प्युटरात सगळं दिसत होतं आणि इकडं घरात आम्ही तुला बोल लावत होतो. नियम त्यांचा होता, मान्य. पण तुझा शब्द खरा मानायला मला चित्र कशाला लागलं? तू सांगितलं होतंस की. अगदी सरळ शब्दांत सांगितलं होतंस.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. "मंजी पोरगी खोटं न्हवती बोलत," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. जेवायला आलीच नाही.

मी मॅडमच्या खोलीतून निघालो तेव्हा त्यांनी मला दारात थांबवलं होतं. आता नवीन लोकांना घेऊन तोच अभ्यास पुन्हा सुरू होतोय. बऱ्याच जणांचं मध्येच सुटतं, म्हणाल्या, कारण आणायला-सोडायला कुणी नसतं. बेगडेवाडीला मंदाताई नावाच्या एक आहेत, काठी घेऊन चालतात. नवरा ड्रायव्हर आहे, सतत बाहेरगावी. यायची इच्छा आहे, पण एकटीनं गाडीत चढता येत नाही.

आज मी साहेबांना विचारून आठवड्याची सुट्टी मंगळवारी करून घेतली. दोन मिनिटं लागली, ताई. विचारायला फक्त दोन मिनिटं.

तुला शब्द देतो, मंदाताईंना मी बाराही मंगळवार घेऊन जाईन. त्या मध्येच खुर्चीवर बसल्या, तर शेजारी बसेन आणि त्यांना दम खायला वेळ देईन.

तुझा धाकटा भाऊ,
दत्ता